तोंडाला फेस आला म्हणजे विषच घातलं, असं नसतं हो ताई

डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून कामापुरतं इथे देतो.

"डॉक्टर, आमचा ब्रूनो गेला त्याला आज बारा दिवस झाले. काळा लॅब्रॅडोर, सात वर्षांचा, वजन ४२ किलो. त्या दिवशी फोंड्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, सकाळी साडेनऊला सगळे निघालो. एरवी तो घरात मोकळा असतो पण घर बंद करायचं होतं म्हणून मीच त्याला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साखळीने बांधला, बांगडा-भात घातला तो त्याने चाटूनपुसून खाल्ला, पाण्याची कढई भरून ठेवली. दुपारी साडेतीनला परत आलो तर मेलेला. तोंडाला गुलाबी फेस, नाकातून थोडं रक्त, मागे रक्ताळ जुलाब, जीभ बाहेर, पाय ताठ आणि अंग आगीसारखं गरम. कढई उपडी पडलेली, साखळी खांबाला गुंडाळली गेलेली, खांबाशेजारी त्याने माती उकरून खड्डा केलेला. जवळ पावाचा अर्धा तुकडा पडला होता तो दिराने कचऱ्यात टाकला. अंगावर माशा घोंगावत होत्या. बाजूच्या माणसाशी आमचं भुंकण्यावरून भांडण आहे, 'एक दिवस औषध घालीन' असं तो चार लोकांसमोर बोललाय. दीर म्हणतो त्यानेच घातलं, पोलिसांत नाव देऊया. समोरच्या आजी म्हणतात बारापर्यंत भुंकत होता, मग आवाज बंद झाला. त्याच संध्याकाळी कुळागरात माडाखाली पुरला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, तो आता त्या बाजूच्या घराकडे बघतसुद्धा नाही. डॉक्टर, विष होतं की ऊन? खरं काय ते सांगा. साखळी मीच लावली होती."

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय हे मला कळलं, त्यामुळे गोल गोल बोलत नाही. तुम्ही जे जे लिहिलंय त्यावरून मला हे ऊन लागून गेलेलं प्रकरण वाटतं. शंभर टक्के म्हणणार नाही, कारण पोस्टमॉर्टम झालेलं नाही आणि ते न करता छातीवर हात ठेवून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दोन्ही पारडी समोर ठेवली तर उन्हाचं पारडं बरंच खाली जातं. का ते नीट सांगतो, कारण नुसतं माझं मत घेऊन तुम्ही दिरासमोर उभ्या राहिलात तर तो ऐकणार नाही.

आधी फेसाचं बघू, कारण सगळं भांडण त्या फेसावरच उभं आहे. आपल्याकडे कुत्रा मेला आणि तोंडाला फेस दिसला की वाड्यावरचा पहिला माणूस "विष घातलं" म्हणतो आणि दहाव्या माणसापर्यंत पोचेस्तोवर नाव पण ठरलेलं असतं. फेस येतो फुफ्फुसात पाणी भरल्यामुळे. ते पाणी आणि श्वासाची हवा घुसळली गेली की फेस होतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर तो गुलाबी दिसतो. हे विषाने होतं, उष्माघाताने होतं, हार्ट फेल झालं तरी होतं, बुडून मेलेल्याला पण होतं. म्हणजे फेस बघून शेवटी फुफ्फुसं भरली होती एवढंच कळतं, का भरली ते कळत नाही.

रक्ताळ जुलाबाचं पण तेच. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की आतड्याचं अस्तर मरायला लागतं, आणि रक्त गोठण्याची अख्खी यंत्रणा बिघडते, आधी नको तिथे गुठळ्या होतात आणि त्यात गोठवणारा माल संपला की मग जिथून तिथून रक्त येतं, नाकातून, संडासातून, हिरड्यांवर लाल ठिपके उठतात. बघणाऱ्याला वाटतं पोटात काहीतरी जहाल गेलं असणार म्हणून रक्त पडलं. पोटात काही गेलेलं नसतानाही तस्संच दिसतं.

आणि अंग गरम होतं म्हणून ऊनच, असंही मी म्हणणार नाही, कारण उद्या दीर एखाद्या जाणकाराला विचारेल आणि तो जाणकार बरोबरच सांगेल. काही विषांत एवढ्या आकड्या येतात, स्नायू एवढे आवळतात की त्या धडपडीनेच ताप १०७-१०८ वर जातो. गोगलगायींना मारायच्या गोळ्या असतात त्यांचं असंच होतं, स्ट्रिकनीनचं पण. पाय लवकर ताठ होणं पण दोन्हीकडे, अंगातली ताकद संपवून गेलेला प्राणी लवकर ताठतो, मग ती आकडीत संपली असो की उन्हात. शिवाय पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी पडलेलं शव गार होणार तरी कधी? म्हणून शरीराकडे नुसतं बघून हे सुटत नाही हे आधी मान्य करायचं.

मग सुटतं कशाने? माझा अनुभव सांगतो, घड्याळाने आणि जागेने.

तुमच्या आजींनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बारापर्यंत भुंकत होता. म्हणजे साडेनऊपासून अडीच तास तो शुद्धीत होता, आवाज होता, छातीत ताकद होती. मग भुंकणं थांबलं. आजींना परत जाऊन एकच विचारा, भुंकणं कसं थांबलं? म्हणजे आधी जोरात, मग घोगरं, मग मधे मधे, मग नुसती धाप असं हळूहळू की एकदम किंचाळून, विव्हळून? ऊन लागलेला कुत्रा आधी खूप भुंकतो, ओढाताण करतो, मग आवाज बसतो आणि धापेचा घर्रर्र आवाज येत राहतो, तो लांबून ऐकू पण येत नाही. कीटकनाशक पोटात गेलेला कुत्रा असा गुपचूप जात नाही सहसा. लाळेच्या धारा लागतात, डोळ्यांतून पाणी, उलट्या, लघवी-संडास एकदम सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगभर कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतात, मग आकड्या. आपल्या भागात सुपारीच्या, भाजीच्या मळ्यांत मिळणारं जे काही आहे ते बहुतेक या प्रकारचं, आणि ते काही मिनिटांत ते एक-दोन तासांत दिसतं.

उंदराचं काळं औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड, त्याचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फीन गॅस तयार होतो, लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पोटात कळा, उलट्या, पळापळ, झटके, हे सगळं साधारण पंधरा मिनिटं ते चार तासांत. (असा वास आला तर तोंड जवळ नेऊन हुंगायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, तो गॅस माणसाला पण वाईट.) आणि दुकानात मिळणारा तो निळा-हिरवा उंदीर मारायचा केक, ज्याच्यावर दीर बहुतेक बोट ठेवेल, तो तर त्या दिवसाचा गुन्हेगार असूच शकत नाही. ते औषध रक्त गोठू देत नाही पण त्याला दोन ते पाच दिवस लागतात, कुत्रा आधी मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, खोकतो, आणि वेळेत आणला तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचतोसुद्धा. ब्रूनो सकाळी बांगडा-भात चाटूनपुसून खाऊन गेला म्हणता, मग हे नव्हे.

आता जागा. ताई, तुम्ही तो खड्डा लिहिलात म्हणून तुमचे आभार मानतो, लोक हे बघत नाहीत. खांबाशेजारी एका जागी पुढच्या पायांनी उकरलेला खड्डा म्हणजे कुत्रा थंड माती शोधत होता. वरची माती तापलेली, खालची ओली-गार, त्यात पोट टेकवायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, वाड्यावरची भटकी कुत्री पण एप्रिल-मेमध्ये माडाच्या आळ्यात अशीच पडलेली असतात. आकड्या येऊन गेलेल्या कुत्र्याची खूण वेगळी दिसते. तो आडवा पडून चारही पाय सायकल चालवल्यासारखे मारतो, त्यामुळे पायांच्या बाजूला जमिनीवर पंख्यासारखे अर्धगोल ओरखडे पडतात, खोल खड्डा होत नाही, आणि पुष्कळदा जीभ दातांखाली चावलेली असते. तुमच्या मुलाने फोटो काढले असतील (हल्लीची मुलं काढतात, आणि मग कोणाला दाखवत नाहीत) तर ते बघा, जमीन दिसते का, ओरखडे आहेत का, जिभेवर दातांचे घाव आहेत का.

खड्डा, उपडी कढई आणि गुंडाळलेली साखळी ही तीन एकत्र ठेवून बघा. कढई बहुतेक साखळीत अडकूनच उपडी झाली असणार, तो फेऱ्या मारत राहिला, साखळी खांबाला गुंडाळत आखूड होत गेली, कधीतरी पाणी सांडलं आणि मग सावलीतल्या सावलीत सरकायला पण जागा उरली नाही. वर पत्रा. पत्र्याची सावली ही सावली नव्हे ताई, बाराच्या सुमाराला खालून पत्र्याला हात लावून बघा, टेकवत नाही, आणि ती सगळी धग खाली फेकली जाते. बाहेर मोबाइलवर ३४ दाखवतं म्हणून आपल्याला वाटतं काय एवढं, नागपूरला ४५ असतं. पण कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायाच्या तळव्यांना थोडासा, बाकी सगळी उष्णता तो धापेवाटे जिभेवरचं पाणी उडवून बाहेर टाकतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच एवढी ओली असते की ते पाणी उडतच नाही, तुमचे कपडे दोरीवर वाळत नाहीत तसंच. तो धापा टाकत राहतो, धापा टाकण्याच्या मेहनतीने अजून तापतो. त्यात काळा रंग, ४२ किलो म्हणजे लॅब्रॅडोरच्या मानाने दहा एक किलो जास्तच, आणि निघण्याआधी पोटभर जेवण. मोठ्या वयाच्या लॅब्रॅडोरमध्ये घशाची झडप नीट उघडत नाही असा पण एक आजार असतो, भुंकणं घोगरं झालं होतं का हल्ली? पायऱ्या चढताना श्वासाचा घरघर आवाज? असेल तर तेही त्यात धरा.

माशांचं एक सांगतो, लहान गोष्ट आहे पण मी नेहमी विचारतो. जहाल कीटकनाशक घातलेलं असलं की पुष्कळदा त्या खाण्यावर, उलटीवर, फेसावर बसलेल्या माशा आणि मुंग्या पण मेलेल्या सापडतात, औषध त्यांच्यासाठीच बनवलेलं असतं ना. तुमच्याकडे माशा जिवंत घोंगावत होत्या. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण उन्हाच्या पारड्यात अजून एक वजन.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पण प्रामाणिकपणे मांडतो. पावाचा तुकडा, आणि त्या माणसाचं बोलणं. पाव मला पण खटकतो, तुम्ही पाव घातला नव्हता. कावळ्याने टाकला असेल, पोदेराच्या (पाववाल्याच्या) टोपलीतून पडलेला कुत्र्याने आधीच आणून ठेवला असेल, किंवा खरंच कोणी फेकला असेल. तो तुकडा हातात असता तर आज आपण एवढं बोलतच बसलो नसतो. दिराने रागाच्या भरात टाकला, त्याला दोष देऊ नका, त्या वेळी कोणाला सुचत नाही. पण अर्धा उरलेला होता हे पण बघा. लॅब्रॅडोर अर्धा पाव शिल्लक ठेवतो का? माझ्या बघण्यात तरी नाही, उलट धापेने जीव जात असलेला कुत्रा समोरचं खाणं सोडून देतो. पाव टाकला गेला तेव्हा तो खाण्याच्या अवस्थेत नसावा असं मला जास्त पटतं.

आणि धमकी. ती खोटी नाही, ती चार लोकांनी ऐकलीय, ती गंभीरपणेच घ्यायला हवी. पण धमकी दिली म्हणजे केलं असं होत नाही.

इथे मला माझं एक सांगायचंय, कारण तुमच्या पत्राने मला ते आठवलं आणि रात्री झोप लागली नाही. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील, सत्तरी तालुक्यात होतो. एका जत्रेच्या दिवशी एका गृहस्थांनी बॉक्सर कुत्रा आणला, मेलेलाच, तोंडाला असाच गुलाबी फेस. मी उघडून बघितलं नाही, वेळ नव्हता, बाहेर गुरं घेऊन लोक उभे होते, त्यांनी विचारलं "विष काय डॉक्टर?" आणि मी म्हटलं तसंच वाटतंय. एवढंच बोललो. त्यांचा चुलत भावाशी जमिनीचा वाद होता. नऊ वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या लग्ना-मयताला गेली नाहीत. मग एकदा त्यांचा ड्रायव्हर सहज बोलता बोलता म्हणाला की त्या दिवशी कुत्रा व्हॅनमध्येच होता, देवळाकडे गर्दी होती म्हणून काचा थोड्या खाली करून ठेवला होता, तासभर असेल. बॉक्सर, चपट्या नाकाचा, बंद गाडीत, तासभर. बाहेर साधी हवा असली तरी उन्हातली गाडी दहा मिनिटांत आठ-दहा डिग्रीने तापते, अर्ध्या तासात तर भट्टी, आणि काच चार बोटं खाली केल्याने काही होत नाही. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. तोपर्यंत तो चुलत भाऊ वारला होता. तेव्हापासून पोस्टमॉर्टमशिवाय "विष" हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

आता तुमचा प्रश्न, पोलिसांत नाव द्यायचं का. नाव देऊ नका. तक्रार द्यायचीच असेल तर जे बघितलं-ऐकलं तेवढंच लिहून द्या, इतक्या वाजता गेलो, इतक्या वाजता आलो, अमुक अवस्थेत मिळाला, अमुक दिवशी अमुक माणूस असं असं बोलला होता आणि हे हे लोक तिथे होते. निष्कर्ष तुम्ही काढू नका. कायदा आहे, नाही असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या ४२८ आणि ४२९ मध्ये होतं. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा पण आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये एवढाच, वाचून राग येतो. पण कुठल्याही कलमाखाली पोलीस पहिला प्रश्न हाच विचारणार की विषानेच मेला याचा रिपोर्ट कुठे आहे.

तो रिपोर्ट आता मिळेल का? बारा दिवस, मे महिना, कुळागरातली ओलसर माती. उघडून बघण्यासारखे अवयव राहिले नसतील. काही औषधांचे अंश लॅबला तरीही सापडू शकतात पण फॉस्फीनसारखं जे गॅस होऊन उडून जातं ते नाही. आणि उष्माघाताचं तर ताज्या शवात पण अवघड असतं, त्याची अशी एकच ठराविक खूण नसते, सगळे अवयव रक्ताने भरलेले, हृदयावर-फुफ्फुसावर रक्ताचे ठिपके, मेंदूला सूज, हे सगळं दिसतं आणि यातलं बरंचसं काही विषांत पण दिसतं, म्हणून इतर कारणं एकेक करून बाद झाली आणि परिस्थिती जुळली की मगच डॉक्टर उष्माघात लिहितो. शिवाय "विषाची टेस्ट" अशी एकच टेस्ट नसते, लॅबला काय शोधायचं ते सांगावं लागतं. म्हणून माझा सल्ला, त्याला उकरू नका. एका गोष्टीने माझं मत बदलू शकेल. त्याच आठवड्यात तुमच्या वाड्यावर अजून काही मेलं का ते विचारा, भटकी कुत्री, मांजरं, कोंबड्या, कावळे. विष टाकलं की ते एकालाच मारून थांबत नाही सहसा, उलटी खाणारा कावळा पण मरतो. अजून दोन-चार जनावरं गेली असतील तर मग पारडं फिरतं, मग ताबडतोब लेखी तक्रार द्या आणि पुढचं शव अजिबात पुरू नका.

ते कसं करायचं हे बाकीच्या वाचकांनी पण लक्षात ठेवा, कारण दर उन्हाळ्यात मला अशी पत्रं पुरल्यानंतर येतात. आधी हात न लावता फोटो, शव, तोंड, जमीन, भांडी, आजूबाजू, सगळ्या बाजूंनी. मग हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून शव जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि बाहेरून बर्फ लावायचा. आपल्याकडे मासळीचा बर्फ कुठेही मिळतो, थर्माकोलच्या पेट्या पण तिथेच मागा. केसाळ, जाडा कुत्रा आतून फार लवकर सडतो, म्हणून तास मोजायचे, चार-सहा तासांत टेबलावर गेला तर उत्तम, बारा तासांच्या पुढे खूप काही हातातून जातं. फ्रीझरमध्ये दगड करायचा नाही, नुसता थंड ठेवायचा. उलटी, संडास, उरलेलं खाणं, संशयाचा तुकडा, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ बरणीत, झाकण घट्ट, वर तारीख आणि वेळ. मग जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, पणजीच्या बाजूला असाल तर टोंकला. विषाचा संशय असेल तर आधी पोलिसांत कळवा, कारण पोस्टमॉर्टमच्या वेळी काढलेले पोटातले घटक, यकृत, मूत्रपिंड हे सील होऊन पोलिसांमार्फत वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबला गेले तरच कोर्टात त्याला किंमत. डॉक्टरांना आठवण करा की विषाच्या तपासणीचे नमुने फॉर्मेलिनमध्ये नको, मिठाच्या संपृक्त पाण्यात, फॉर्मेलिन फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तुकड्यांना. नवीन मुलं गडबडीत विसरतात.

आणि सापाला विसरू नका हां. आपल्याकडे मण्यार रात्री चावते, दाताची खूण सापडत नाही, सकाळी कुत्रा लुळा पडलेला आणि लोक म्हणतात विष. घोणशीने चावलं तर सूज येते, रक्त येतं. पहिल्या पावसात भेंडकं (बेडूक) तोंडात धरून फेस आलेली पिल्लं तर मी दर जूनमध्ये बघायचो, तोंड ओल्या फडक्याने पुसून, वाहत्या पाण्याने बाहेरच्या बाजूला धुऊन आणा, बहुतेक वाचतात. ब्रूनोच्या बाबतीत भर दुपारी, झाडलेल्या शेडमध्ये, सापाची शक्यता मी कमी धरतो.

कोणाचा कुत्रा उन्हाने पडलेला जिवंत सापडला तर एकच, आधी पाणी, मग गाडी. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांत, काखेत, सतत, आणि पंखा, पाच-दहा मिनिटं, नंतर गाडीत पण ओला ठेवून खिडकी उघडी. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो मिनिटात गरम होतो आणि आतली धग अडवून धरतो. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ना पाणी ना दूध ना तूप. माणसांची तापाची गोळी अजिबात नाही. आणि उठून उभा राहिला तरी डॉक्टरकडे न्यायचाच, किडनी आणि रक्ताचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण मारतो.

आता तुमच्याकडे येतो ताई. तुम्ही खरं सांगा म्हणालात. माझ्या समजुतीप्रमाणे पत्रा, साखळी आणि दुपार यांनी ब्रूनोला नेलं, आणि साखळी तुम्ही लावली होती. हे मी पुसून टाकू शकत नाही आणि पुसलं तर तुम्हाला माझं बाकीचं पण खरं वाटणार नाही. पण तुम्ही त्याला खाऊ घालून, कढई काठोकाठ भरून, चोरापोरापासून सुरक्षित म्हणून तिथे ठेवलात, तुम्हाला पत्र्याचं माहीत नव्हतं, तुमच्या घरातल्या कोणालाच नव्हतं, अर्ध्या गोव्यात अशाच शेडखाली कुत्री बांधलेली आहेत. जाणूनबुजून पावात औषध घालणारा हात आणि तुमचा हात हे एक नाही. दीर एवढा तावातावाने शेजाऱ्याचं नाव घेतोय त्यात मला वाटतं तुम्हाला वाचवायची पण धडपड आहे, कदाचित त्याला स्वतःला पण कळत नसेल. त्याला बाजूला घेऊन हे पत्र वाचायला द्या.

मुलाला मात्र तुम्ही स्वतः सांगा, दिराने नाही, मी नाही. बारा वर्षांचा आहे, त्याला उष्णता कशी बाहेर पडते ते शाळेत शिकवलेलं असतं, त्याला शेडमध्ये घेऊन जा, दुपारी बारा-साडेबाराला, पत्र्याला खालून हात लावायला सांगा. मग खड्डा दाखवा, बुजवला नसेल तर. तो रडेल, तुमच्यावर चिडेल पण, चार दिवस बोलणार नाही. चिडू दे. त्या घराकडे बघून मनात जे साठवतोय त्यापेक्षा आईवर चिडलेला बरा, आईवरचा राग जेवणाच्या ताटापर्यंत येऊन उतरतो.

आणि फोटो मिळाले तर मला पाठवा, जमिनीचा एक जरी असला तरी. त्यात ते पंख्यासारखे ओरखडे दिसले तर मी माझं मत बदलीन आणि तसं तुम्हाला लेखी कळवीन.